रेसिडेन्सीचं वर्ष कोणाच्या हाताखाली घालवाल?

अमेरिकेत फार्म डीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यांसाठी डिसेंबर ते मार्च हे चार महिने परीक्षेपेक्षाही कठीण जातात. डिसेंबरमध्ये एएसएचपीचं, म्हणजे अमेरिकन सोसायटी ऑफ हेल्थ-सिस्टम फार्मासिस्ट्स या संघटनेचं, मिडइयर अधिवेशन भरतं. देशभरातली रुग्णालयं तिथे टेबलं मांडून आपापल्या रेसिडेन्सीची माहिती देतात. जानेवारीच्या सुरुवातीला अर्ज, त्यानंतर मुलाखती, मार्चच्या सुरुवातीला पसंतीक्रम आणि महिन्याच्या मध्यावर मॅचचा, म्हणजे उमेदवार आणि रुग्णालयं यांच्या जोड्या लावण्याच्या पद्धतीचा, निकाल. या घाईत मुलं टेबलामागच्या माणसाला जे विचारतात त्यातलं बरंचसं रुग्णालयाच्या संकेतस्थळावरच लिहिलेलं असतं: खाटा किती, ट्रॉमा सेंटर कुठल्या दर्जाचं, संलग्न विद्यापीठ कोणतं. रेसिडेन्सी पूर्ण करून बाहेर पडलेल्या माणसाला मात्र ‘तुला त्या वर्षाने काय दिलं’ असं विचारून बघा. तो खाटांचा आकडा सांगत नाही. तो एखाद्या प्रिसेप्टरबद्दल बोलायला लागतो.

हा लेख त्या निवडीसाठी आहे. तिकडेच शिकणारी मराठी मुलं, इथून फार्म डी करून तिकडे जाऊ पाहणारे, आणि ‘पास झाल्यावर आणखी एक वर्ष कमी पगारात कशाला’ हा अगदी रास्त प्रश्न विचारणारे त्यांचे आईवडील, या सगळ्यांना समोर ठेवून तो लिहिला आहे.

आईवडिलांचा प्रश्न आधी घेऊ. फार्मासिस्टचा परवाना मिळवायला अमेरिकेत रेसिडेन्सी लागत नाही. डॉक्टरांची रेसिडेन्सी सक्तीची आहे, फार्मासिस्टांची ऐच्छिक. या प्रशिक्षणाची मुळं १९२७ पर्यंत मागे जातात. त्या वर्षी मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात हार्वे व्हिटनी यांनी औषधविभागात पदवीनंतरची इंटर्नशिप सुरू केली. पुढे १९४२ मध्ये एएसएचपी स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही तेच होते. आज पदवीनंतरचं पहिलं वर्ष पीजीवाय-१ म्हणून ओळखलं जातं. त्यात सर्वसाधारण क्लिनिकल काम शिकायचं. ज्यांना कर्करोग, अतिदक्षता, संसर्गजन्य आजार, बालरोग, अवयव प्रत्यारोपण अशा एखाद्या शाखेत खोल उतरायचं असतं ते पीजीवाय-२ चं दुसरं वर्ष करतात. या काळात मिळणारं विद्यावेतन नव्या फार्मासिस्टच्या पूर्ण पगाराच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतं, आणि डोक्यावर शिक्षणाचं कर्ज असतंच. तरीही मोठ्या रुग्णालयांत डॉक्टरांबरोबर राउंडला उभं राहण्याची नोकरी हवी असेल तर रेसिडेन्सी झालेलीच माणसं बहुतेक ठिकाणी पाहिली जातात. कोपऱ्यावरच्या औषधदुकानातच काम करायचं ठरलेलं असेल, तर हे वर्ष न केलं तरी काही बिघडत नाही. (समुदायातल्या फार्मसीसाठीही वेगळी पीजीवाय-१ असते, पण ती नोकरीची अट नसते.) करायचं ठरवलंत, तर एवढ्या पैशांवर पाणी सोडून बदल्यात काय मिळणार याचा हिशेब मांडण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

प्रिसेप्टर

त्या हिशेबात माझ्या मते सर्वांत वरचं नाव प्रिसेप्टरचं. रोटेशनच्या महिन्यात ज्याच्या हाताखाली तुम्ही वॉर्डात काम करता, तो अनुभवी फार्मासिस्ट म्हणजे प्रिसेप्टर. एएसएचपीच्या मानकांत त्याच्या चार भूमिका सांगितल्या आहेत: आधी थेट शिकवायचं, मग स्वतः काम करून दाखवायचं, मग रेसिडेंट करत असताना शेजारी उभं राहून सुधारायचं, आणि शेवटी बाजूला होऊन त्याला करू द्यायचं. कागदावर हे कोरडं वाटतं. वॉर्डात ते कसं दिसतं ते बघू.

समजा, रक्तात एमआरएसए या जिवाणूचा संसर्ग झालेला रुग्ण आहे आणि त्याला व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक चालू आहे. २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नुसती डोसआधीची रक्तपातळी बघून आता भागत नाही. चोवीस तासांत शरीराला एकंदर किती औषध मिळालं, म्हणजे एयूसी, ती ४०० ते ६०० च्या दरम्यान राहील असा डोस ठरवायचा असतो. रविवारी क्रिएटिनिन ०.९ होतं, मंगळवारी १.५ झालं. पहिल्या आठवड्यातला रेसिडेंट सूत्रात आकडे घालून नवा डोस काढतो. आकडेमोड बरोबरही येते. चांगला प्रिसेप्टर राउंडच्या आधी त्याच्याशेजारी बसतो आणि विचारतो, ‘हे सूत्र मूत्रपिंड स्थिर आहे असं गृहीत धरतं. ते आज स्थिर आहे का? लघवी किती होतेय? याच्या जोडीला पायपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम कोणी सुरू केलंय का?’ त्या दिवशी डॉक्टरांशी तो स्वतः बोलतो आणि रेसिडेंट ऐकतो. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या रुग्णाबद्दल रेसिडेंट बोलतो, प्रिसेप्टर मागे उभा राहतो, आणि बाहेर आल्यावर लगेच सांगतो: ‘शिफारस बरोबर होती, पण पुढची पातळी केव्हा बघायची ते तू सांगितलं नाहीस, म्हणून त्यांना तीन प्रश्न विचारावे लागले.’ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात प्रिसेप्टर राउंडला येत नाही. फोनवर मात्र असतो.

दुसऱ्या जातीचा प्रिसेप्टर पहिल्या दिवसापासून फोनवरच असतो. महिन्याच्या शेवटी मूल्यमापनाच्या रकान्यात तो ‘उत्तम प्रगती’ लिहितो. रेसिडेंटला तेव्हा बरंही वाटतं. आपल्याला काहीच सांगितलं गेलं नाही, हे पुढे नोकरी लागल्यावर कळतं. रेसिडेंट ज्याला खरी किंमत देतात तो अभिप्राय ताजा आणि नेमका असतो. मग तो कौतुकाचा असो वा चूक दाखवणारा. प्रिसेप्टरचं प्रेमळ असणं चांगलंच, पण त्याच्याकडे तुमच्यासाठी वेळ असणं त्याहून महत्त्वाचं. चाळीस-पन्नास रुग्णांचं काम ज्याच्या अंगावर आहे तो माणूस कितीही सज्जन असला तरी तुमच्याशेजारी बसणार कधी?

म्हणून मुलाखतीत ‘प्रिसेप्टर कसे आहेत’ असं विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: फारच छान. त्याऐवजी रेसिडेंटला विचारा, ‘गेल्या रोटेशनमध्ये मिळालेल्या कुठल्या अभिप्रायामुळे तू तुझी कामाची पद्धत बदललीस?’ ज्याला असा अभिप्राय मिळालाय तो लगेच एक प्रसंग सांगेल. ज्याला मिळाला नाही तो थांबेल, विचार करेल आणि काहीतरी सर्वसाधारण बोलेल. ‘प्रिसेप्टर दिवसातून किती वेळ तुझ्याबरोबर बसतात, आणि त्या वेळेत त्यांचं स्वतःचं काम कोण बघतं?’ हेही विचारा. गेल्या दोन वर्षांत किती प्रिसेप्टर सोडून गेले आणि कार्यक्रमाचा संचालक किती वर्षं त्या जागेवर आहे, हे संचालकालाच विचारायला हरकत नाही. माणसं टिकत नाहीत तिथे शिकवण्याची घडी बसत नाही. पीजीवाय-१ करून एक वर्ष काम केलेला फार्मासिस्टही नियमाने प्रिसेप्टर होऊ शकतो. त्यामुळे तरुण प्रिसेप्टर दिसला म्हणून बिचकू नका. नुकताच त्या वाटेने गेलेला माणूस कित्येकदा जास्त चांगलं शिकवतो. पण सगळेच तरुण असतील तर जुने कुठे गेले, एवढं मात्र विचारा.

जबाबदारी खरी की नावापुरती

प्रिसेप्टरच्या खालोखाल रेसिडेंटांना हवी असते ती जबाबदारी. ‘मी सुचवलं’ आणि ‘मी ठरवलं’ यांत फार अंतर आहे. अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांत व्हँकोमायसिन, अमायनोग्लायकोसाइड, वॉरफेरिन, हेपरिन यांचे डोस ठरलेल्या प्रोटोकॉलनुसार फार्मासिस्टच लिहितो, डॉक्टरांची वेगळी सही घ्यावी लागत नाही. परवाना मिळाल्यावर रेसिडेंटलाही हा अधिकार मिळतो का? हृदय बंद पडलेल्या रुग्णाकडे धावणाऱ्या पथकात रेसिडेंट असतो का, आणि असला तर औषधं त्याच्या हातात असतात की तो भिंतीला टेकून बघत असतो? बाह्यरुग्ण विभागात मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या रुग्णांची भेट तो स्वतः घेतो का? हे प्रश्न विचारलेत की कार्यक्रमाचं खरं रूप दिसतं.

परवान्याचाही इथे थेट संबंध येतो. सध्याच्या मानकांनुसार रेसिडेन्सी सुरू झाल्यापासून १२० दिवसांत परवाना मिळायला हवा आणि निदान दोन-तृतीयांश वर्ष परवानाधारक फार्मासिस्ट म्हणून काढायला हवं. जुलैत हजर होऊन ऑक्टोबरपर्यंत परीक्षेच्या तयारीत राहिलात तर शिकण्याच्या सर्वांत चांगल्या महिन्यांत तुम्ही बघ्याच्या भूमिकेत राहता. नॅपलेक्स ही परवान्याची परीक्षा आणि राज्याची कायद्याची परीक्षा पदवीनंतर शक्य तितक्या लवकर देऊन टाका. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथल्या बोर्डाची कागदपत्रं मॅचच्या निकालानंतर त्याच आठवड्यात हलवायला लागा. काही राज्यांत या कामाला अपेक्षेपेक्षा खूप वेळ लागतो.

मोठं शैक्षणिक रुग्णालय म्हणजे जास्त जबाबदारी, हे समीकरण मला पटत नाही. मोठ्या ठिकाणी दुर्मीळ आजार दिसतात, नामवंत माणसांची व्याख्यानं ऐकायला मिळतात. पण एकाच रुग्णाभोवती पीजीवाय-२ रेसिडेंट, पीजीवाय-१ रेसिडेंट आणि दोन विद्यार्थी असतील, तर महत्त्वाचा निर्णय पीजीवाय-१ च्या वाट्याला येत नाही. अडीचशे खाटांच्या एखाद्या जिल्हावजा रुग्णालयात तोच रेसिडेंट आयसीयूच्या पथकातला एकमेव फार्मसी प्रशिक्षणार्थी असतो. पुढे प्रत्यारोपणासारख्या अरुंद शाखेत जायचं पक्कं असेल तर ते रुग्ण जिथे आहेत तिथेच जावं लागेल, तिथे मोठ्या केंद्राला पर्याय नाही. ज्यांचं अजून काही ठरलेलं नाही त्यांनी नावापेक्षा रोटेशनची यादी बघावी: निवडीची किती आहेत, आणि वर्षाच्या मध्यावर आवड बदलली तर वेळापत्रक बदलता येतं का. लवचीकपणाला रेसिडेंट फार मोल देतात, आणि ते रास्त आहे. पंचविसाव्या वर्षी ज्याला सगळं ठाऊक असतं असा माणूस विरळा.

तास, शनिवार-रविवार आणि मन

नियम असा की चार आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ८० तासांपेक्षा जास्त काम नको आणि सात दिवसांत एक दिवस पूर्ण सुट्टी हवी, तीही सरासरीनेच. ही वरची मर्यादा आहे. काही कार्यक्रम पन्नास-पंचावन्न तासांत चांगलं शिकवतात, काही मर्यादेला खेटून चालतात आणि त्याचा अभिमान सांगतात. घरी बसून केलेली वाचनाची आणि सादरीकरणाची तयारी या मोजणीत धरली जात नाही, हे विसरू नका.

तासांपेक्षा जास्त बोलकं असतं ते स्टाफिंग. रेसिडेंटने प्रशिक्षणाचा भाग म्हणून नेहमीच्या फार्मासिस्टसारख्या पाळ्या करायच्या असतात. कुठे दर तिसऱ्या शनिवार-रविवारी, कुठे दर दुसऱ्या, शिवाय आठवड्यात एखादी संध्याकाळ. यातून खूप शिकायला मिळतं. एकट्याने ऑर्डर तपासताना येणारी नजर राउंडला येत नाही. पण रुग्णालयात माणसं कमी आहेत म्हणून रेसिडेंटला वापरलं जात असेल तर तो स्वस्तातला कामगार झाला. ‘कोणी आजारी पडलं किंवा नोकरी सोडून गेलं तर ती पाळी कोण करतं?’ या प्रश्नाचं उत्तर ‘रेसिडेंट’ असं आलं, तर मी ते ठिकाण यादीत खूप खाली नेईन.

ताण हा विषय नाजूक म्हणून टाळला जातो, आणि आपल्या घरांतून तर जरा जास्तच. ‘एक वर्षाचा तर प्रश्न आहे, काढ कळ’ हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं, पण थकून गेलेल्या मुलीला त्यातून मदत मागायची वाट बंद झाल्यासारखी वाटते. एएसएचपीच्याच नियतकालिकात २०१७ साली आलेल्या अभ्यासात आठवड्याला साठ तासांहून जास्त काम करणाऱ्या रेसिडेंटांमध्ये ताण अधिक आढळला होता. म्हणून सुट्टीच्या दिवसांची संख्या, आजारपणाची रजा, समुपदेशनाची सोय हे प्रश्न विचारायला संकोचू नका. आणि हा एक जरूर विचारा: ‘गेल्या काही वर्षांत कोणी मध्येच सोडून गेलं का, आणि तेव्हा कार्यक्रमाने काय बदललं?’ कोणी गेलं असेल म्हणून कार्यक्रम वाईट ठरत नाही. त्याबद्दल ते मोकळेपणाने बोलतात का, एवढंच बघायचं.

बरोबरचे रेसिडेंट किती, हेही बघा. एकटाच रेसिडेंट असलेल्या कार्यक्रमात सगळं लक्ष तुमच्यावर असतं, पण रात्री नऊ वाजता ‘आज फारच वाईट दिवस गेला’ हे सांगायला समदुःखी कोणी नसतो. घरापासूनचं अंतर हाही योग्य निकष आहे. दोन तासांवर मावशी राहते म्हणून एखादं ठिकाण वर ठेवलंत तर त्यात कमीपणा काही नाही.

संशोधन प्रकल्पाबद्दल थोडक्यात. तो प्रत्येकाला करावा लागतो आणि वसंत ऋतूतल्या प्रादेशिक परिषदेत सादर करावा लागतो. विषय मोठा असण्यापेक्षा तो वर्षात संपणारा हवा. राखून ठेवलेले प्रकल्पाचे दिवस, आकडेवारी बघणारा जाणकार आणि नैतिकता समितीची मंजुरी शरद ऋतूतच मिळवून देणारा मार्गदर्शक, या तीन गोष्टी असतील तर प्रकल्प होतो. नसतील तर एप्रिलमध्ये रात्री जागून तक्ते भरावे लागतात.

रेसिडेंटांशी बोला, मग खरी आवड लिहा

बहुतेक मुलाखतींत प्रिसेप्टर नसताना सध्याच्या रेसिडेंटांबरोबर जेवण किंवा गप्पांचा वेळ ठेवलेला असतो. तुमचा सगळ्यांत मोलाचा तास तोच. दोन वेगळ्या रेसिडेंटांना एकच प्रश्न विचारा आणि उत्तरं जुळतात का ते बघा. ‘पुन्हा निवडायचं झालं तर हेच निवडाल का, आणि नाही तर का?’ असं सरळ विचारता येतं. असा वेळ ठेवलेलाच नसेल तर तो मागा. नाकारला गेला, तर उत्तर मिळालंच. गेल्या वर्षीच्या रेसिडेंटांचा संपर्कही मागून घ्या. बाहेर पडलेला माणूस अधिक मोकळं बोलतो. ते आता कुठे काम करतात, पीजीवाय-२ ची जागा त्यांना मिळाली का, आणि त्याच रुग्णालयात अर्ली कमिटमेंटने, म्हणजे मॅचच्या आधीच, पुढच्या वर्षाची जागा देण्याची पद्धत आहे का, हे त्यांच्याकडूनच नीट कळतं.

त्याच संध्याकाळी लिहून काढा. आठ मुलाखती झाल्या की सगळी रुग्णालयं एकसारखी भासू लागतात.

पसंतीक्रम भरताना मुलं एक चूक हमखास करतात. आपण कुठे निवडले जाऊ याचा अंदाज बांधून ते क्रम लावतात. मॅचचं गणित तसं चालत नाही. स्थिर जोड्या लावण्याच्या ज्या सिद्धांतासाठी लॉइड शेपली आणि अल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याच घराण्यातली ही पद्धत आहे. एखादं अवघड ठिकाण तुम्ही पहिल्या क्रमांकावर ठेवलंत आणि ते मिळालं नाही, तर दुसऱ्या क्रमांकावर तुमची संधी तेवढीच राहते, कमी होत नाही. म्हणून क्रम मनातला लावा, अगदी प्रामाणिकपणे. मात्र निकाल बंधनकारक असतो. जिथे वर्ष काढण्याची खरोखर तयारी नाही ते नाव यादीत टाकूच नका. पहिल्या फेरीत जुळलं नाही तर दुसरी फेरी असते, आणि तिथेही उत्तम कार्यक्रमांच्या जागा येतात.

भारतातून जाणाऱ्यांसाठी, आणि इथेच राहणाऱ्यांसाठी

परदेशातल्या पदवीधराला या रेसिडेन्सीसाठी एनएबीपी या संस्थेचं एफपीजीईसी प्रमाणपत्र लागतं. १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांचा अभ्यासक्रम त्यासाठी किमान पाच वर्षांचा असावा लागतो. म्हणजे चार वर्षांचा बी फार्म तेवढ्यावर पुरत नाही, आपली सहा वर्षांची फार्म डी ही अट पूर्ण करते. पुढे एफपीजीईई ही परीक्षा आणि इंग्रजीची टोफेल. सर्वांत आधी एकच चौकशी करा: हा कार्यक्रम व्हिसा प्रायोजित करतो का? बरेच कार्यक्रम करत नाहीत. हे अर्जाचे पैसे भरण्याआधी कळलेलं बरं.

इथेच राहणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी आहे. २००८ च्या भारतीय फार्म डी नियमांत सहाव्या वर्षाला ‘इंटर्नशिप किंवा रेसिडेन्सी प्रशिक्षण’ असंच म्हटलं आहे: सहा महिने जनरल मेडिसिन आणि तीन वेगळ्या शाखांत दोन-दोन महिने. महाविद्यालय निवडताना किंवा पोस्टिंग मागताना तिथल्या इंटर्नना विचारा, वॉर्डात तुमच्याबरोबर फार्मसी प्रॅक्टिसचे शिक्षक रोज येतात का, आणि तुम्ही केसपेपर बघून सुचवलेला बदल डॉक्टरांपर्यंत कोण नेतं. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारं फार्माकोव्हिजिलन्स केंद्र त्या रुग्णालयात आहे का, हेही विचारा. २०१० पासून देशभर फार्माकोव्हिजिलन्सचा कार्यक्रम चालतो आणि इंटर्नने भरलेला फॉर्म तिथून गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगापर्यंत जातो. हे फॉर्म इंटर्न स्वतः रुग्णाशी बोलून भरत असतील आणि शिक्षक ते त्यांच्याशेजारी बसून तपासत असतील, तर त्या ठिकाणी जागा मिळवण्यासाठी थोडा प्रवास आणि थोडं जास्त भाडं सोसायला हरकत नाही.